माणशी किती टन? युरोपच्या धुराचा हिशोब

मार्तेलांज हे बेल्जियमच्या टोकाला, लक्झेंबर्गला खेटून असलेलं छोटं गाव. गावातून मोठा रस्ता जातो. रस्त्याच्या एका अंगाला बेल्जियममधली घरं आहेत, आणि दुसरी कड लागली की लक्झेंबर्ग सुरू. त्या दुसऱ्या कडेला काय आहे? ओळीने पेट्रोल पंप. लक्झेंबर्गमध्ये इंधनावरचा कर वर्षानुवर्षं शेजाऱ्यांपेक्षा कमी राहिला. त्यामुळे बेल्जियमकडचा माणूस रस्ता ओलांडतो, टाकी फुल करतो, जमलंच तर सिगारेटचं पाकीट आणि कॉफीचा पुडाही घेतो, आणि घरी जातो. पेट्रोल जळतं बेल्जियमच्या रस्त्यांवर. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र लक्झेंबर्गच्या खात्यात पडतो. वाहनाचं इंधन जिथे विकलं गेलं त्या देशाच्या नावावर लिहायचं, असा आंतरराष्ट्रीय हिशोबाचा नियमच आहे.

लक्झेंबर्गची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. शेजारच्या तीन देशांतून रोज दोन लाखांहून जास्त माणसं तिथे कामाला येतात आणि संध्याकाळी परततात. ती येतात, गाडी भरतात, ऑफिसातला हीटर वापरतात, पण देशाच्या उत्सर्जनाला लोकसंख्येने भागताना मोजली जातात आपापल्या देशात. म्हणजे वरचा आकडा फुगलेला आणि खालचा आक्रसलेला. दरडोई उत्सर्जनाच्या यादीत हा चिमुकला देश युरोपात वर्षानुवर्षं वरच्या नंबरांत दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे. तिथला माणूस इतरांपेक्षा फार उधळ्या आहे, असा अर्थ त्यातून काढायची घाई करू नये.

मी मुद्दाम या आडवाटेच्या गावापासून सुरुवात केली. युरोपातल्या देशांच्या दरडोई उत्सर्जनाचा आलेख अधूनमधून फिरत असतो. रंगीत रेघा, वर-खाली होणाऱ्या, आणि खाली 'बघा, स्वीडन कसा सुधारला, पोलंड कसा मागे राहिला' अशी टिप्पणी. तो आलेख प्रगतिपुस्तकासारखा वाचला की हमखास फसायला होतं. मला विचाराल तर तो इतिहासाचं पुस्तक म्हणून वाचावा. कुठे कोळसा निघाला, कुठे संप झाला, कुठली भिंत पडली, हे सगळं त्या रेघांत उमटलेलं आहे.

आधी हिशोब नेमका कसला ते पाहू. वर अंशात येतो तो देशात वर्षभरात कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड, शिवाय सिमेंट तयार करताना चुनखडीतून सुटणारा. खाली छेदात लोकसंख्या. भागाकाराचं उत्तर टनांत. यात काय नसतं तेही लक्षात ठेवायला हवं. गाईगुरांच्या पोटातून येणारा मिथेन यात नाही, त्यामुळे आयर्लंडमधल्या लाखो गाई या आलेखात दिसतच नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं कोणत्याच देशाच्या नावावर लिहिली जात नाहीत. आणि जंगलतोडीचा हिशोब सहसा वेगळा ठेवतात.

आता एक टन म्हणजे किती? एक लिटर पेट्रोल हातात घ्या. त्याचं वजन साधारण पाऊण किलो, आणि त्यातला कार्बन ६४० ग्रॅमच्या आसपास. ते जळल्यावर मात्र सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे झाले, हा प्रश्न मला शाळेत कुणी विचारला असता तर मी गप्पच बसलो असतो. उत्तर हवेत आहे. कार्बनच्या एका अणूचं वजन १२, त्याला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, त्यांचं मिळून ३२. बेरीज ४४. म्हणजे १२ चे ४४, जवळजवळ पावणेचार पट. मार्तेलांजमध्ये ४० लिटरची टाकी भरणारा माणूस ९० किलोंहून थोडा जास्त वायू घरी नेतो. अशा अकरा टाक्या झाल्या की एक टन. (जुन्या तक्त्यांत कधी कधी नुसत्या कार्बनचे टन दिलेले असतात. तसा तक्ता सापडला तर आधी ३.६७ ने गुणा, नाहीतर सगळा युरोप अचानक संत वाटायला लागेल.)

आजचे ढोबळ आकडे असे. जगाची सरासरी माणशी पावणेपाच टनांच्या जवळपास. स्वीडन साडेतीन. पोर्तुगाल चाराच्या खाली, फ्रान्स चार-साडेचार, ब्रिटन साडेचाराच्या आसपास. जर्मनी सात, पोलंड सात ते आठ, नॉर्वेही सातच्या घरात. लक्झेंबर्ग अकरा-बारा. दुसऱ्या टोकाला अल्बानिया, दोन टनांच्याही खाली. त्याची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची, मुख्यतः द्रिन नदीवरच्या धरणांतली, आणि देश युरोपातल्या गरिबांपैकी एक. भारताची सरासरी दोन टनांच्या आसपास आहे.

ही झाली आजची रांग. शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलं तर ती ओळखूसुद्धा येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटन माणशी दहा-अकरा टनांवर होता, तेव्हा इटली आणि स्पेन एक टनाच्या आसपास घुटमळत होते. घराची शेगडी, गिरणी, आगगाडी, जहाज, सगळं कोळशावर. १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर कोळशावर चालणारं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं. त्यानंतर जवळपास शतकभर ब्रिटनची रेघ नऊ ते बारा टनांच्या पट्ट्यात चालत राहिली. मध्ये १९२६ ला एक खोल खड्डा दिसतो. तो पाहून कुणाला वाटेल की आकडे टाइप करताना चूक झाली. चूक नाही. त्या वर्षी मे महिन्यात सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगार महिनोन्‌महिने बाहेर राहिले. कोळसा निघालाच नाही, तर जळणार कुठून?

१९५२ च्या डिसेंबरातली गोष्ट याहून बोलकी आहे. लंडनवर पाच दिवस दाट, पिवळट धुकं बसलं. समोरचा माणूस दिसेना. हजारो लोक दगावले. मग १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरातल्या घरांतून धूर करणारा कोळसा हटायला लागला. साहजिकच वाटेल की दरडोई उत्सर्जनही तिथून उतरलं असेल. तसं झालं नाही. रेघ जवळपास होती तिथेच राहिली, कारण धूर आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वेगळ्या चिजा आहेत. काजळी डोळ्यांना दिसते, घशात खवखवते. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. शहराच्या शेगडीतला कोळसा गेला आणि शहराबाहेरच्या वीजकेंद्रात त्याहून जास्त जळायला लागला. शीर्षकात मी 'धूर' म्हटलंय ते बोलीभाषेपुरतं.

ब्रिटनचा खरा उतार दोन टप्प्यांत आला. १९९० च्या दशकात वीज कंपन्यांचं खासगीकरण झालं आणि उत्तर समुद्रातल्या गॅसवर चालणारी केंद्रं भराभर उभी राहिली. गॅसवरच्या एका युनिटमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याच्या आसपास असतो. हे करणाऱ्यांच्या मनात हवामान नव्हतं, गॅस स्वस्त पडत होता इतकंच. दुसरा टप्पा मात्र ठरवून आणलेला. २०१२ मध्येसुद्धा ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१३ पासून वीजकेंद्रांच्या कार्बनवर किमान किंमत लावली गेली, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला नॉटिंगहॅमशरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. आठ अवाढव्य शीतमनोरे असलेलं. होलबर्नपासून मोजलं तर १४२ वर्षं. आज ब्रिटनमधला दरडोई आकडा जवळपास तिथे आलाय, जिथे तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, व्हिक्टोरिया राणी गादीवर असताना होता.

आता फ्रान्स आणि स्वीडन. या दोघांच्या रेघांवर माझा जास्त जीव आहे, कारण त्या एक लोकप्रिय समजूत मोडतात.

१९७० च्या सुमारास स्वीडन माणशी अकरा टनांच्या पुढे होता. थंडीचा देश, आणि बहुतेक घरांच्या तळघरात तेलाचा बंब. फ्रान्स दहाच्या आसपास. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत किंमत चौपट झाली. दोन्ही देशांकडे स्वतःचं तेल जवळपास नव्हतंच. मार्च १९७४ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुवीजकेंद्रं धडाक्यात बांधायची योजना जाहीर केली. 'आमच्याकडे तेल नाही, पण कल्पना आहेत' ही तिथली त्या काळातली सरकारी घोषणा. पुढच्या पंधरा वर्षांत अणुभट्ट्यांची रांग लागली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचा माणशी आकडा सातच्या खाली उतरलेला होता.

स्वीडनने अणुभट्ट्याही बांधल्या, धरणं तर होतीच, आणि शिवाय जमिनीखालून गरम पाण्याच्या नळांचं जाळं टाकलं. शहराच्या कडेला एक मोठी भट्टी, तिथून निघालेलं गरम पाणी नळांतून वस्तीवस्तीत जातं, घर तापवतं आणि थंड होऊन परत येतं. तळघरातला तेलाचा बंब हद्दपार. पुढे त्या भट्टीत लाकडाचा भुसा आणि शहराचा कचराही जळायला लागला.

स्वीडनचं नाव निघालं की लोक १९९१ च्या कार्बन कराचा दाखला देतात. कर खरा आहे, कडक आहे, आणि त्याने पुढची घसरण चालू ठेवली यात शंका नाही. पण रेघेवर बोट ठेवून पाहा. सगळ्यात तीव्र उतार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आहे. कर यायच्या आधी, आणि 'हवामानबदल' हा शब्द निवडणुकीच्या भाषणात येण्याच्याही आधी. तेलाच्या बिलाची धास्ती हे त्याचं कारण.

म्हणूनच दरडोई आकडा माणसाच्या चांगुलपणाचा नसतो. समजा दोन मराठी मैत्रिणी आहेत, एक लियोंमध्ये, दुसरी म्युनिकमध्ये. दोघींची घरं सारखी, कपडे धुण्याचं यंत्र एकाच कंपनीचं, दोघीही बसने ऑफिसला जातात. फ्रान्समधल्या एका युनिट विजेमागे ५० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जर्मनीत अलीकडच्या वर्षांत साडेतीनशे-चारशे ग्रॅम, आणि पोलंडमध्ये तर सहाशेच्याही पुढे. तीच साडी, तोच साबण, तेच गरम पाणी. म्युनिकच्या धुण्याचा हिशोब सात-आठ पट जड झाला, यात त्या बाईचा काय दोष?

जर्मनीच्या रेघेत आणखी एक गुंता आहे. १९९० च्या आधी जर्मन्या दोन होत्या. आलेखात मात्र एकच रेघ दिसते, कारण तज्ज्ञांनी दोन्हींची बेरीज करून ठेवली आहे. पूर्वेकडची जर्मनी लिग्नाइटवर, म्हणजे तपकिरी कोळशावर चालायची. लिग्नाइट हा कच्चाच कोळसा, त्याच्या वजनात जवळपास निम्मं पाणी. तेवढीच वीज काढायला तो ढिगाने जाळावा लागतो. माणशी उत्सर्जनात हा देश त्या काळी जगातल्या सगळ्यात वरच्यांपैकी होता. बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मन्या एक झाल्या, आणि पूर्वेकडचे जुनाट कारखाने काही वर्षांत बंद पडले किंवा नव्याने उभे राहिले. एकत्र जर्मनीची रेघ १९९० पासून घसरताना दिसते, त्यातला सुरुवातीचा मोठा भाग हा आहे.

पोलंड, चेकिया, बल्गेरिया, एस्टोनिया, सगळीकडे तेच. १९८९ नंतर रेघेत दिसणारा तो कडा म्हणजे कारखान्यांच्या फाटकांना लागलेली कुलपं आणि घरी बसलेले कामगार. एस्टोनियाचं उदाहरण तर टोकाचं. तिथे नार्वाजवळची वीजकेंद्रं तेलयुक्त शेल नावाचा खडक जाळतात. दगडच तो, जळतो पण राखच जास्त. १९९० च्या आसपास माणशी वीस टनांच्या वर असलेला हा देश आज सात-आठ टनांवर आहे. अर्थात त्याच्या १९९१ आधीच्या रेघेवर फार विसंबू नका. तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत संघाचा भाग होता, आणि संघाच्या एकूण आकड्यातून प्रत्येक प्रजासत्ताकाचा वाटा नंतर अंदाजाने काढलेला आहे.

उत्सर्जन कमी करण्यासाठीच्या क्योटो कराराने १९९७ मध्ये तुलनेसाठी बहुतेकांना १९९० हेच पायाभूत वर्ष दिलं. पूर्वेकडच्या देशांसाठी ते पथ्यावर पडलं. काहीही न करता अर्धी परीक्षा पास. तेव्हा 'अमुक देशाने १९९० पासून इतके टक्के कपात केली' असं वाक्य वाचलं की मी आधी तो देश भिंतीच्या कुठल्या बाजूला होता ते पाहतो.

छेदही गप्प बसत नाही. बल्गेरियाची लोकसंख्या १९८० च्या दशकाच्या अखेरीस नव्वद लाखांच्या घरात होती, आज पासष्ट लाखांच्याही आत आहे. तरुण मंडळी पश्चिमेकडे गेली. देशाचं एकूण उत्सर्जन निम्म्याहून कमी झालं, पण भागायला माणसंही कमी उरली, म्हणून दरडोई घसरण तेवढी मोठी दिसत नाही.

दक्षिणेची कथा उलटी. पोर्तुगाल १९६० मध्ये माणशी एक टनाच्या आसपास होता. १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, रस्ते झाले, गाड्या आल्या, आणि २००० नंतर आकडा सहाच्या वर पोचला. मग वारा, ऊन आणि पाणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. ज्या चढणीला ब्रिटनला दीडशे वर्षं लागली ती पोर्तुगालने चाळिसेक वर्षांत चढून उतरायलाही घेतली, आणि ब्रिटनच्या शिखराच्या जेमतेम निम्म्या उंचीवरून.

एखाद्या वर्षाच्या उंचवट्याने घाबरून जायचं नाही, हे डेन्मार्क शिकवतो. १९९६ मध्ये त्याची रेघ एकदम उसळते, माणशी चौदा टनांकडे. त्या वर्षी डॅनिश लोकांना काय झालं होतं? काहीच नाही. नॉर्वे-स्वीडनमध्ये पाऊस कमी पडला, धरणं खाली गेली, आणि डेन्मार्कने कोळसा जाळून शेजाऱ्यांना वीज विकली. कोयनेचं पाणी उतरलं की पेपरांत विजेच्या बातम्या येतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ते लगेच कळेल. डॅनिश ऊर्जा खातं या कारणाने विजेची देवाणघेवाण वजा करून काढलेला वेगळा आकडाही देतं.

नॉर्वेची गंमत याच धाटणीची. वीज जवळजवळ सगळी पाण्याची, नव्या गाड्यांत दहातल्या नऊहून जास्त विजेवर, आणि तरी माणशी सात टन. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर गॅस जाळून यंत्रं चालतात, ते त्याच्या खात्यात जातं. पण तिथून काढून विकलेलं तेल जर्मनीत जळलं की जर्मनीच्या खात्यात. विकणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद नाही.

आणि मालाचं काय? स्वित्झर्लंड देशाच्या हद्दीत मोजलं तर चार टनांच्या आसपास, अगदी सोवळा. पण तिथले लोक वापरतात ते पोलाद, कपडे, फोन, रसायनं बाहेर तयार होतात. त्यांचाही कार्बन मोजला तर आकडा जवळपास तिप्पट होतो. ब्रिटन आणि स्वीडनचेही आकडे असे मोजल्यावर बऱ्यापैकी वर सरकतात, जरी गेल्या तीन दशकांतली घसरण खरीच राहते. 'सगळं चीनवर ढकललं' हा आरोप म्हणून अर्धाच बरोबर आहे. युरोपीय संघाने आता या हद्दीवरच बोट ठेवलंय. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत अशा मालावर सीमेवर कार्बनची किंमत घ्यायची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये नुसत्या नोंदींपासून सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून पैशांवर आली. भारतातून तिकडे जाणाऱ्या पोलादाच्या व्यापाऱ्यांना हा हिशोब आता तोंडपाठ करावा लागतोय.

लक्झेंबर्गकडे परत एकदा वळतो. १९७० च्या सुमारास तिथला आकडा माणशी चाळीस टनांच्या आसपास होता. तेव्हा पंपांमुळे नाही, पोलादामुळे. देशाच्या दक्षिणेला लोहखनिज, त्यावर कोळशाने लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्यांची रांग. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पोलादाला मंदी आली, मग भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या आल्या, आणि बेल्व्हालची शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये विझली. रेघ धाडकन खाली. त्यानंतर ती पुन्हा काही वर्षं चढते, आणि तिथे मार्तेलांजसारख्या पंपांचा हात मोठा.

एवढं सगळं पाहिल्यावर एक गोष्ट जाणवते. आतापर्यंतचे मोठे उतार बहुतेक विजेचे किंवा भट्ट्यांचे आहेत. तिथे गिऱ्हाइकाला काही करावं लागत नाही. रॅटक्लिफ बंद झालं त्या रात्री ब्रिटनमधल्या एकाही घरातला दिवा लुकलुकला नाही. आता तिथे उरलाय तो गाड्यांचा धूर आणि घराघरात भिंतीवर टांगलेला गॅसचा बॉयलर. वीजकेंद्र एका निर्णयाने बंद करता येतं. हे बॉयलर दोन कोटींहून जास्त आहेत, आणि प्रत्येकाच्या मालकाला प्लंबर बोलवायचा आहे.